बीहडातला गुग्गुळ : पालवी फुटली म्हणजे काडी जगली असं नाही

प्रश्न थोडक्यात असा : ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या एका गृहस्थांची मुरैना जिल्ह्यात, क्वारी नदीच्या बाजूला दोन एकर वडिलोपार्जित जमीन आहे. अर्धीअधिक बीहडात, म्हणजे पाण्याने कापलेल्या मातीच्या घळींत गेलेली, विलायती बाभळीने भरलेली. तिथे पूर्वी गुग्गुळ (औषधी डिंक देणारं झुडूप) असे, म्हणून पुन्हा लावायचा विचार आहे. गेल्या जुलैत त्यांनी २०० काड्या पिशव्यांत लावल्या. पंधरा दिवसांत जवळजवळ सगळ्यांना पालवी फुटली आणि सप्टेंबर संपेपर्यंत दीडशेच्या वर वाळल्या. कुठे चुकलं, रानातून पुन्हा काड्या आणाव्यात का, आणि डिंक किती वर्षांनी मिळेल, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी काड्या का मेल्या ते पाहू, कारण गुग्गुळाच्या बाबतीत नव्वद टक्के लोक इथेच फसतात.

गुग्गुळाची काडी जाड, मऊ आणि चिकाने भरलेली असते. तिच्यात पाणी आणि अन्न दोन्हीचा साठा असतो. पावसाळी हवेत तिला पालवी फुटते ती या साठ्यावर; मुळांचा त्याच्याशी काही संबंध नसतो. दहा-पंधरा दिवसांत पानं येतात, मुळं यायला दीड-दोन महिने लागतात. मधल्या काळात पानं काडीतलं पाणी उडवत राहतात आणि आपण हिरवं दिसतंय म्हणून खुशीत रोज पाणी घालतो. पिशवीत काळी चिकट माती असेल तर खालचं टोक कुजतं. वरून काडी आणखी दोन-तीन आठवडे ताजी दिसते, मग एकदम मान टाकते. मेलेली एखादी काडी उपटून खालचा भाग नखाने खरवडून बघा. तपकिरी, मऊ आणि आंबूस वासाचा असेल तर पाण्याने मेली. खडखडीत कोरडा असेल आणि एकही मूळ नसेल, तर काडी कोवळी होती किंवा उन्हात होती. सप्टेंबरात एकगठ्ठा मरण्याचं कारण बहुधा पहिलंच निघतं.

आता रीत. काडी घ्यायची वेळ म्हणजे मे अखेर ते जूनचा दुसरा आठवडा, झुडूप निष्पर्ण असताना, पहिल्या पावसाच्या आधी. तेव्हा साठा काडीत असतो, पानांत गेलेला नसतो. जाडी करंगळीएवढी, एक ते दीड सेंटिमीटर. लांबी २५ ते ३० सेंटिमीटर. या हंगामातली हिरवट फांदी नको आणि बुंध्याजवळची म्हातारी, साल सुटलेली फांदीही नको. राखाडी साल कागदासारखी नुकती सुटू लागली आहे आणि आत हिरवा थर आहे, अशी मधली फांदी घ्या. खालचा काप तिरका आणि पेराच्या लगेच खाली, वरचा काप सरळ. उलटी लावलेली काडी फुकट जाते आणि गुग्गुळाच्या वेड्यावाकड्या फांदीत वर-खाली चटकन कळत नाही, म्हणून कापतानाच वरच्या टोकाला चुन्याचं बोट लावून ठेवा. सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार हवा. कोयत्याने तोडलं की साल चिरते, आणि तिथूनच बुरशी शिरते. दर झुडपानंतर पातं स्पिरिटने पुसा. चीक वाळून पात्यावर राळ बसली की काप चेचका येतो.

कापल्यावर लगेच मातीत खोचू नका. बहुतेक जण हीच पायरी गाळतात. सावलीत, हवेशीर जागी, एकमेकींना न चिकटता चार-पाच दिवस ठेवा. कापातून आलेला चीक सुकून त्यावर पापुद्रा धरतो आणि जखम बंद होते. थोराची किंवा चाफ्याची फांदी लावण्याआधी आपल्याकडे जे करतात तेच. वरच्या टोकाला मेण किंवा शेण-मातीचा लेप द्या.

मूळ फुटण्याचं संप्रेरक वापरलं तर फायदा होतो, पण त्यावर सगळा भरवसा टाकू नका. आयबीए (हेच ते संप्रेरक) एक ग्रॅम घ्या, थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवा आणि पाणी घालून एक लिटर करा; हे १००० पीपीएम (दहा लाख भागांत हजार भाग) झालं. खालचं दोन सेंटिमीटर टोक दहा सेकंद बुडवा, निथळू द्या आणि लावा. बाजारातली कठीण काडीसाठीची रूटिंग पावडरही चालते. ओल्या टोकाला चिकटवायची आणि जास्तीची झटकायची. डब्यातच काडी बुडवत गेलात तर पाचव्या काडीपर्यंत सगळी पावडर ओली होते, म्हणून लागेल तेवढी वेगळ्या वाटीत काढून घ्या.

मिश्रण दोन भाग नदीची जाड वाळू, एक भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. पिशवी सहा बाय दहा इंची, तळाशी आणि बाजूंना मिळून आठ-दहा भोकं. काडी १० ते १२ सेंटिमीटर आत जावी आणि माती भोवती बोटांनी दाबावी. पोकळी राहिली तर मूळ हवेत वाळतं. वर ५० टक्क्यांची हिरवी जाळी. पाणी कॅलेंडर बघून द्यायचं नाही. बोट दोन पेरं आत घाला. ओल लागली तर थांबा. पावसाची झड चार दिवस लागली तर पिशव्यांवर प्लास्टिक ताणा, पण बाजू मोकळ्या ठेवा. कूज दिसलीच तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला तीन ग्रॅम या प्रमाणात पिशवीत ओता आणि कुजलेल्या काड्या पिशवीसकट बाहेर काढा. पहिली पालवी फार दाट आली तर निम्मी पानं खुडून टाका. जिवावर येतं, पण मुळं येईपर्यंत पानं म्हणजे खर्चच.

साठ दिवसांनी काडी हलकेच ओढून बघा. माती धरून ठेवत असेल तर मूळ आलं. त्यानंतर जाळी थोडी-थोडी हटवा. या रोपांना पुढच्या जुलैपर्यंत पिशवीतच ठेवायचं आहे. त्याच पावसाळ्यात शेतात नेलेली रोपं डिसेंबर-जानेवारीतच जातात. ग्वाल्हेर-मुरैन्यात थंडीत पारा दोन-तीन अंशांवर येतो आणि इकडची माणसं जे ‘पाला पडणं’ म्हणतात ते गुग्गुळाच्या कोवळ्या शेंड्याला अजिबात सोसत नाही. (मराठीत पाला म्हणजे पानं, इथे पाला म्हणजे पानं जाळणारं दहिवर. घरात दोन्ही भाषा चालत असल्या की गड्याला सूचना देताना घोटाळा होतो, तेवढं सांभाळा.) रोपवाटिकेत रात्री सरपत गवताच्या झड्या टाकल्या तरी पुरे होतं.

रानातून आणखी काड्या आणाव्यात का? वनजमिनीवरून तर परवानगीशिवाय अजिबात नाही. चंबळेच्या काठचा मोठा पट्टा राष्ट्रीय चंबळ घडियाल अभयारण्यात येतो आणि तिथली फांदी तोडणंही गुन्हा आहे. आपल्या किंवा शेजाऱ्याच्या खाजगी जमिनीवर, मेडेवर (बांधावर) उभी असलेली झुडपं बघा, आणि वनखात्याच्या किंवा कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकेत चौकशी करा. गुग्गुळ, म्हणजे कॉमिफोरा वायटी, २०१५ पासून जागतिक लाल यादीत (धोक्यातल्या जातींच्या यादीत) ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. या वर्गाच्या पुढे ‘वन्य अवस्थेत नामशेष’ आणि ‘नामशेष’ हे दोनच वर्ग उरतात. कारण बरंचसं डिंक काढण्याच्या पद्धतीत आहे, त्याकडे पुढे येतोच.

कोणत्या झुडपांच्या काड्या घेता याला गुग्गुळात वेगळंच महत्त्व आहे. नर झुडपं फार कमी, रानात दिसतं ते बहुतेक मादी. मादी झुडूप परागाशिवायही बी धरतं. बीजांडातल्या आईच्याच पेशींतून गर्भ तयार होतो, म्हणजे असं रोप आईची जवळजवळ नक्कल असतं. एका बीतून कधीकधी दोन-तीन अंकुर येतात, तेही याच कारणाने. म्हणून एका टेकाडावरच्या पन्नास झुडपांच्या काड्या आणल्या तरी त्या एकाच झुडपाच्या प्रती असू शकतात, आणि एका रोगात सगळ्या एकदम झोपतात. चार-पाच वेगवेगळ्या ठिकाणांहून मिळून निदान तीस झुडपं निवडा, प्रत्येकापासून चार-पाचच काड्या घ्या. एका झुडपाच्या दहांतली एक फांदी याहून जास्त तोडू नका. नर झुडूप सापडलं तर त्याच्या काड्या नक्की घ्या. फुलं लहान, तांबूस असतात. भिंगातून बघितलं की मधला बीजकोश फुगीर आहे की नाही ते दिसतं.

प्रत्येक झुडपाला क्रमांक द्या आणि तोच पिशवीवर लिहा. मार्करची शाई उन्हात सहा महिने टिकत नाही. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा कापून त्यावर खिळ्याने आकडा कोरा आणि तारेने बांधा.

बियांपासून करायचं तर धीर हवा. फळं लाल झाल्यावर, शक्यतो जुलै ते सप्टेंबरच्या बहरातली घ्यावीत. गर चोळून काढला की दोन प्रकारच्या बिया दिसतात : काळ्या आणि पिवळट-पांढऱ्या. पिवळ्या टाकून द्या, त्या पोकळ निघतात. काळ्या पाण्यात टाका, तरंगतील त्याही टाका. एवढं करूनही शंभरात पाचेक उगवल्या तरी ठीक म्हणायचं. एका बीतले दोन अंकुर दोन वेगळ्या पिशव्यांत गेले तर त्यांना दोन झुडपं मोजा, पण दोन वाण मोजू नका.

जमिनीकडे वळू. विलायती बाभूळ एका फटक्यात काढू नका. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला चंबळेच्या बीहडात तिचं बी विमानातून पेरलं गेलं, माती धरावी म्हणून. तिने देशी झाडांची जागा खाल्ली हे खरं, पण आज तुमच्या उतारावरची माती तीच धरून आहे. मे महिन्यात जेसीबी लावून रान मोकळं केलं तर जुलैच्या पहिल्याच मोठ्या पावसात घळीचं तोंड दोन हात वर सरकतं, आणि लावलेल्या रोपांसकट मेडही जाते. दरवर्षी एक तृतीयांश काढा, उताराला आडव्या पट्ट्यांत. नुसती जमिनीलगत कापली की डिसेंबरपर्यंत दहा धुमारे येतात. बुंध्याभोवती उकरून, जमिनीखाली वीत-दीड वीत खोल, डोळे असलेला गड्डा निघेपर्यंत कापावी लागते. शेंगा पिकण्याआधी हे उरका. शेळ्या शेंगा खातात आणि बी सगळ्या शेतभर पेरून ठेवतात. काढलेल्या फांद्या उताराला आडव्या टाकून दगडांनी दाबा. गाळ तिथेच अडतो.

रिकाम्या झालेल्या पट्टीत लगेच, पहिल्या पावसाआधी, अंजन गवताचं बी टाका. ते नुसतं फेकलं तर वाऱ्याने उडतं आणि मुंग्या नेतात. ओल्या माती-शेणात कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा आणि उथळ चरीत टाका.

गुग्गुळासाठी घळीची कड आणि घळीचा तळ दोन्ही टाळा. कड ढासळते, तळात पाणी साचतं, आणि साचलेल्या पाण्यात गुग्गुळ एक हंगामही काढत नाही. मधला उतार आणि वरचा सपाट पट्टा त्याचा. अंतर दोन बाय दोन मीटर धरलं तर एकरी हजार रोपं बसतात. बीहडात प्रत्यक्षात जागा मिळेल तिथे लावावं लागतं, म्हणून चारशे-पाचशेच धरा. खड्डा ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-खोल, मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या. या भागात हात-दीड हातावर कंकराचा (चुनखडीच्या खड्यांचा) थर लागतो. तो पहारीने फोडा, नाहीतर खड्डा म्हणजे बंद कुंडी होते आणि मूळ गोल फिरत बसतं. उतारावर खड्ड्याच्या खालच्या अंगाला अर्धचंद्राची मेड घाला, तिची टोकं वर वळलेली. खड्ड्यात पाचेक किलो कुजलेलं शेणखत आणि २०० ग्रॅम निंबोळी पेंड. कच्चं शेण घातलंत तर वाळवीला आमंत्रण दिल्यासारखं होतं. इथल्या वाळवीला गुग्गुळाची मऊ मुळं फार आवडतात. पिशवी फाडताना मातीचा गड्डा फुटू देऊ नका. मुळं कमी आणि ठिसूळ असतात.

रानात गुग्गुळाची लहान रोपं बहुधा करील, हींस अशा काटेरी झुडपांच्या आडोशाला दिसतात. तिथे सावली असते, शेळीचं तोंड पोचत नाही आणि दहिवर कमी पडतं. तुमच्या जमिनीवर करीलचे (मराठीत नेपती) गड्डे असतील तर तोडू नका, त्यांच्या पूर्वेला हातभर अंतरावर रोप लावा. दुपारचं ऊन अडतं. पहिले दोन उन्हाळे पंधरा-वीस दिवसांनी सात-आठ लिटर पाणी द्या. तिसऱ्या वर्षी बंद करा. पाण्याची सवय लागलेलं झुडूप लवकर वाढतं पण मुळं वरवर ठेवतं. पहिल्या वर्षी शंभरातली पंधरा-वीस जातीलच. तेवढी रोपं पिशव्यांत राखून ठेवा.

सोबतीला काय लावावं हे तुम्ही विचारलेलं नाही, तरी सांगतो, कारण नुसता गुग्गुळ लावलेलं बीहड म्हणजे पुन्हा एकपिकी शेतच. छोंकर लावा, दसऱ्याला ग्वाल्हेरच्या मांढरेच्या मातेच्या देवळापाशी जिचं पूजन होतं ती शमी हीच. तिचं बी कोमट पाण्यात रात्रभर भिजवलं की सहज येतं. हिंगोट, म्हणजे हिंगणबेट, बियांपासून येतं. करधई मात्र हट्टी आहे. ग्वाल्हेर-शिवपुरीच्या टेकड्यांवरचं मूळ जंगल तिचंच, उन्हाळाभर वाळक्या काटक्या आणि हवेत दमटपणा आला की दोन दिवसांत हिरवी. पण तिच्या बियांत भरीव दाणा क्वचितच सापडतो, म्हणून किलोभर बी पेरूनही वाफा रिकामा राहतो. तिचे जुने खुंट जमिनीत जिवंत असतील तर चराई बंद करा, पावसाळ्यात धुमारे येतात; त्यातले दोन जोमदार ठेवून बाकीचे काढा. करधई वाढवायचा याहून खात्रीचा मार्ग शेतकऱ्यापाशी नाही.

आता डिंकाचं. निदान आठ-दहा वर्षं. बुंधा सात-आठ सेंटिमीटर जाड होईपर्यंत सुरी लावायची नाही आणि तेव्हाही एका झुडपापासून वर्षाला काहीशे ग्रॅमच. कोणी तीन वर्षांत एकरी लाखाचा हिशेब कागदावर मांडून दाखवत असेल, तर तो तुम्हाला रोपं विकतोय.

गुग्गुळाचा डिंक लाकडात नसतो. तो सालीच्या आतल्या मऊ थरातल्या नळ्यांतून वाहतो. चीर लाकडापर्यंत नेली तर एक थेंबही जास्त मिळत नाही, उलट सालीखालचा वाढीचा थर कापला जातो आणि जखम भरत नाही. वरची कागदी साल हाताने सोलली की हिरवा थर लागतो, त्याखाली फिकट मऊ थर. सुरी तिथे थांबली पाहिजे. टणक पांढरं लाकूड टोकाला लागलं की चीर खोल गेली. चीर तिरकी, बोटभर लांब, जाड फांद्यांवर, एका झुडपाला तीन-चार. फांदीला गोल वेढा कधीही घालू नका. वेढ्याच्या वरचा भाग पुढच्या उन्हाळ्यात वाळतो. हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी, झुडूप निष्पर्ण असताना. आधी पिवळट दुधासारखा चीक येतो, मग घट्ट होतो. दहा-पंधरा दिवसांनी सुरीच्या पाठीने काढून घ्या. खाली पडू दिला तर वाळू चिकटते आणि भाव निम्म्यावर येतो. एक वर्ष चीर दिली की पुढचं वर्ष विश्रांती.

रानातला गुग्गुळ मेला तो याच्या नेमकं उलट केल्यामुळे. थोराचा चीक, मोरचूद, जनावराचं मूत्र असं काहीबाही चिरेत भरलं की डिंक भळाभळा येतो. इथेफॉन (फळं पिकवायला वापरतात ते रसायन) टोचलं तर कितीतरी पट येतो. झुडूप आपला सगळा साठा एका हंगामात ओकून टाकतं आणि पावसाळ्यात पालवी फोडायला काहीच उरत नाही. हे तुमच्या पिशवीतल्या काडीसारखंच आहे, फक्त मोठ्या प्रमाणावर. मजूर वजनावर पैसे घेतो आणि जमीन त्याची नसते, म्हणून त्याच्या दृष्टीने ते चूकही नाही. तुमच्याकडे चीर देणाऱ्याला रोजंदारी द्या, किलोवर ठरवू नका.

मधल्या वर्षांत पैसा म्हणाल तर अंजन गवत, रोपवाटिकेतली जादा रोपं आणि करीलची टेंटी, म्हणजे कच्ची फळं. टेंटी एप्रिल-मेमध्ये हिरवी, वाटाण्याएवढी असताना तोडायची. मिठाच्या पाण्यात किंवा ताकात चार-पाच दिवस ठेवायची, पाणी रोज बदलायचं. कडूपणा गेला आणि दाणा पिवळसर झाला की मोहरीच्या तेलात लोणचं. लाल पिकलेली फळं पक्ष्यांना सोडा.

कागदपत्रांचं एकच सांगतो. जैवविविधता कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली आणि लागवडीच्या औषधी वनस्पतींना काही अटींतून सूट मिळाली, पण माल लागवडीचा आहे हे दाखवायला उगम प्रमाणपत्र लागतं आणि त्याची वाट गावच्या जैवविविधता समितीच्या नोंदीतून जाते. गुग्गुळ रानातला की शेतातला, हे नुसत्या डिंकावरून व्यापाऱ्याला सांगता येत नाही. म्हणून लावल्याची तारीख, क्रमांक आणि दरवर्षीचा एक फोटो पहिल्या वर्षापासून ठेवा. दहा वर्षांनी जुळवता येत नाही.

आणि जमिनीवर एखादं जुनं झुडूप अजून उभं असेल तर काही लावण्याआधी त्याची नोंद करा. त्याच्याभोवती १० बाय १० मीटरचा चौकोन दोरीने आखा. आत गुग्गुळ किती, प्रत्येकाचा बुंधा जमिनीलगत किती जाड, जुन्या चिरा किती, नर की मादी, आणि गुडघ्याखालची लहान रोपं किती हे लिहा. ऑगस्टमध्ये पानाफळांसकट एक फांदी दाबून वाळवा; तीन पानांचा झुपका, मधलं पान मोठं आणि वरच्या अर्ध्या भागात दातेरी, हे तेव्हाच दिसतं. मांसल फांदी वर्तमानपत्रात लवकर वाळत नाही आणि बुरशी धरते, म्हणून पहिला आठवडा कागद रोज बदला. असा नमुना ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात दाखवता येईल. झुडपाचं नेमकं ठिकाण मात्र मोबाइलवरच्या गटात टाकू नका. आठवड्याभरात कोणीतरी चीर देऊन जाईल.

यंदाच्या वाचलेल्या चाळीस-पन्नास रोपांना हलवू नका. पाणी कमी करा, थंडीत झाका, आणि मे अखेरीस सिकेटरला धार लावून ठेवा.